विजेचा रंधा वापरताना



पावसात फुगलेले दार, धान्याच्या पेटीचे झाकण, गोठ्याची फळी, अशा कामांसाठी विजेचा हातरंधा आता पुष्कळ घरी आला आहे. तो वेळ वाचवितो. परंतु नीट न वापरल्यास बोटेही कापतो.

त्याच्या पोटात एक रूळ असतो व रुळावर बहुधा दोन पाती. हा रूळ मिनिटाला सुमारे १५,००० फेरे घेतो. बटण सोडल्यावरही तो काही सेकंद फिरतच राहतो. या वेळी इजा होऊ शकते. म्हणून आवाज पूर्ण थांबेपर्यंत रंधा खाली ठेवू नये आणि बोटे तळाशी नेऊ नयेत. भुसा अडकल्यास प्रथम प्लग काढावा व मग काडीने साफ करावे. पाती बदलतानाही हाच नियम.

काम सुरू करण्यापूर्वी :

१. फळी शिकंज्यात घट्ट बसवावी. एका हाताने फळी व दुसऱ्याने रंधा धरू नये. दोन्ही हात रंध्यावरच हवेत.

२. जुन्या लाकडातील खिळे शोधून काढावेत.

३. सैल बाह्या, उपरणे, गळ्यातील साखळी आवरावी. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहू नये. वायर खांद्यावरून मागे टाकावी.

आता अचूकपणाविषयी. किती लाकूड काढायचे ती रेघ पेन्सिलीने दोन्ही बाजूंस ओढावी. एका वेळी एक मिलीमीटरहून अधिक काढू नये. कठीण लाकडास अर्धा पुरे. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने वर चढतात, त्या दिशेने रंधा चालवावा. उलट चालविल्यास ढलप्या उपटतात. सुरुवातीला रंध्याच्या पुढच्या भागावर दाब द्यावा, शेवटी मागच्या भागावर. असे न केल्यास फळीच्या टोकाला खड्डा पडतो. फळीच्या आडव्या टोकाला दोन्ही कडांकडून मध्याकडे यावे, म्हणजे कड फुटणार नाही. मधूनमधून गुण्या लावून पाहावा.

दाराच्या बाबतीत घाई नको. ऐन पावसात भरपूर छिलले, तर उन्हाळ्यात लाकूड आटते व चौकटीत फट राहते. अडते तेवढेच काढावे. उरलेले कोरड्या दिवसांत. मग छिललेल्या कडेला तेल किंवा रंग द्यावा, म्हणजे ओल शिरत नाही.

भुशाकडे दुर्लक्ष करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणारी ठरविली. नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. उघड्यावर काम करावे, नाकातोंडावर धुळीचा मास्क, डोळ्यांना चष्मा व कानांत बोळे घालावेत. मुलांना दूर ठेवावे.

नांगर, विळा, दूध काढणे, सारे हातांवरच चालते. दाराची फट बुजविता येते. गेलेले बोट परत येत नाही.