मे महिन्यात कोकणात जाताना : कपड्यांची पिशवी कशी भरावी?



परीक्षा संपल्या, निकाल लागले, की घाटावरची पुष्कळ माणसे चार-सहा दिवसांसाठी कोकणात उतरतात. कोणी पाहुण्यांकडे, कोणी देवदर्शनाला, तर कोणी मुलांना समुद्र दाखवायला. जायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो कपड्यांचा. “चार लोकांत जायचं, अंगावर धड काही नको का?” असे कुणीतरी म्हणते. मग उधार-उसनवारी होते, नाहीतर कुणाचे तरी जाणेच रहित होते. म्हणून आज आपण एवढेच पाहू, की घरात आहेत त्याच कपड्यांत नीटनेटके दिसावे आणि उन्हाचा त्रासही होऊ नये, हे कसे साधावे.

आधी हवेचा विचार करू. मे महिन्यात जळगावला किंवा नागपूरला पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. रत्नागिरीला तो बहुधा ३३-३४ च्या आसपास असतो. दहा अंशांनी कमी! तरी घाटावरच्या माणसाचा जीव तिथे कासावीस होतो. असे का बरे?

माठातले पाणी गार का होते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. माठ पाझरतो, बाहेरचे पाणी वाळते, आणि वाळताना उष्णता घेऊन जाते. आपल्या अंगावरच्या घामाचेही तेच. १ ग्रॅम घाम वाळला की सुमारे ५८० कॅलरी उष्णता अंगातून जाते. घाटावरची हवा कोरडी, त्यामुळे घाम आला कधी नि वाळला कधी, कळतही नाही. कोकणच्या हवेत मुळातच बाष्प भरलेले असते. तिथे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणजे कोकणात कपडा असा हवा, की जो घामाला वाळायला वाट देईल.

इथे सुती कापडाचा गुण दिसतो. मोजमापासाठी ठरविलेल्या हवेत १०० ग्रॅम कोरडे सूत सुमारे ८ ग्रॅम बाष्प आपल्यात सामावून घेते. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. म्हणून निव्वळ पॉलिएस्टरचा जाड सदरा अंगाला चिकटतो. पण नुसते ‘सुती’ म्हणून भागत नाही हं. जाड सुती कापड घाम पितो खरा, पण ओलेच राहते, आणि मग काखेत, मांडीला घामोळे उठते. तेव्हा कापड पातळ आणि विरळ विणीचे घ्यावे. त्याची परीक्षा सोपी आहे. कापड तोंडाशी धरून फुंकर घाला. पलीकडे हाताला वारा लागला, तर ते कापड बरोबर न्या. मलमल, वायल, जुने धुऊन मऊ झालेले धोतर किंवा लुगडे या परीक्षेत हमखास उतरते.

दुसरे, कपडा सैल असावा. वाळवंटातले बेदुईन लोक भर उन्हात काळे झगे घालतात, याचे पुष्कळांना नवल वाटते. काही शास्त्रज्ञांनी नेगेव्हच्या वाळवंटात याची मोजणी केली आणि ती १९८० साली प्रसिद्ध झाली. काळा झगा स्वतः जास्त तापला. पण झगा सैल असल्याने आत वारा खेळला, आणि काळ्या व पांढऱ्या झग्यात अंगाला लागणारी उष्णता सारखीच भरली. आपला कपडा तेवढा घोळदार नसतो, तेव्हा फिका रंग आपल्याला बरा. पण अंगाला घट्ट बसणारा फिका सदराही सुख देणार नाही, हे ध्यानात ठेवा.

आता कपडे किती न्यावेत? शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब मुलांना जरूर घालावा. पाच दिवसांना पाच जोड, ही झाली बेरीज. पण ३ सदरे आणि २ विजारी अशा निवडा, की कोणताही सदरा कोणत्याही विजारीवर शोभेल. तीन दुणे सहा! पाच कपड्यांत सहा पेहराव झाले. बायकांनी तीन साड्या आणि तिन्हींवर चालतील अशी दोन पोलकी घ्यावीत. मेळ जमण्याची युक्ती अशी, की खालचा कपडा किंवा पोलके एकरंगी ठेवावे आणि फुले, चौकडा, काठ यांची हौस दुसऱ्या कपड्यावर भागवावी. लग्नकार्य असेल तर एक ठेवणीतला जोड जास्तीचा. डोक्याला टोपी किंवा उपरणे, संध्याकाळी डासांसाठी एक लांब बाह्यांचा सदरा, आणि वाळूत चालायला रबरी चपला. चामड्याच्या वहाणा खाऱ्या पाण्यात घालू नका; त्या कडक होऊन तडकतात.

थोडे कपडे न्यायचे म्हणजे रोज धुणे आले. समुद्रात भिजलेला कपडा तसाच वाळवू नये. मीठ हवेतली ओल ओढते. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, ती त्यामुळेच. खारा कपडा म्हणूनच रात्रभर दमट राहतो. आधी गोड्या पाण्यातून खळबळून काढा. मग कोरड्या पंचात गुंडाळून पिळा; बरीच ओल पंचाच शोषून घेईल. वाऱ्यावर झटकून टाकलात की सकाळी घडी करता येते. इस्त्री नसली तरी हरकत नाही. किंचित दमट असतानाच नीट घडी घालून गादीखाली ठेवा. अंगपुसणे म्हणून जाड टॉवेलाऐवजी पंचाच न्या. तो हलका असतो आणि लवकर वाळतो.

पिशवी भरताना जड वस्तू तळाशी, सुती कपड्यांच्या घट्ट गुंडाळ्या मधे, आणि एक जोड व पंचा अगदी वर ठेवावा. ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी असू द्या.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. सहलीची सूचना देताना ‘चांगले कपडे आणा’ असे मोघम सांगू नका. ज्याच्या घरी दोनच सदरे आहेत, ते पोर हे ऐकून गप्प बसते आणि सहलीच्या दिवशी ‘पोट दुखतं’ म्हणून घरी राहते. त्यापेक्षा ‘दोन धुतलेले जोड, एक पंचा, एक टोपी’ अशी यादी फळ्यावर लिहा, आणि सर्वांना तेवढीच मर्यादा घाला. ज्याच्याकडे जास्त आहे त्याचे ओझे कमी होईल, आणि ज्याच्याकडे कमी आहे त्याला कमीपणा वाटणार नाही. समुद्र पाहायला नवा कपडा लागत नाही. धुतलेला, सैल आणि सुती असला म्हणजे पुरे.