माजी सैनिकांची जुनाट वेदना आणि वाढते वजन

14 जानेवारी हा दिवस देशभर सशस्त्र सेना माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा 1953 साली याच दिवशी निवृत्त झाले. गोव्यात या सुमारास घरोघरी तिळगूळ वाटला जातो, तर सुरतेत उत्तरायणाची धामधूम असते. पतंग उडवायला सारे कुटुंब गच्चीवर जाते आणि उंधियू-जिलेबीचा बेत होतो. उधना, लिंबायत किंवा डिंडोलीच्या मराठी वस्तीतला एखादा निवृत्त हवालदार मात्र अशा वेळी जिन्याचा कठडा धरून मध्येच थांबतो. गुडघा साथ देत नाही, पोट सुटलेले असते आणि घरचे ‘वय झाले’ म्हणून विषय सोडून देतात. वय असते जेमतेम पन्नाशीचे!

पाठीवर ओझे, पायांत जड बूट, चढउताराची वाट आणि वाहनांतला खडतर प्रवास यांचा भार सैनिकाच्या कमरेवर व गुडघ्यांवर वर्षानुवर्षे पडतो. शिपाई पदावरील जवान साधारण चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो, म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षे याच शरीरावर काढायची असतात. पुष्कळ जण सुरक्षारक्षकाची नोकरी धरतात. तासन्‌तास उभे राहणे किंवा खुर्चीत बसून राहणे हेच मग दिवसाचे काम होते. सकाळची कवायत सुटते, भूक मात्र फलटणीतलीच राहते. त्यात ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ अशी ख्याती असलेल्या शहरात लोचो, फरसाण आणि घारीला नकार देणे सोपे नसते.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. अमेरिकेतील एका राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या विश्लेषणात सुमारे 65 टक्के माजी सैनिकांनी मागील तीन महिन्यांत वेदना झाल्याचे सांगितले होते. तीव्र वेदनेचे प्रमाण त्यांच्यात 9 टक्क्यांच्या आसपास होते, इतर नागरिकांत ते 6 टक्क्यांच्या घरात होते.

वेदना आणि वजन एकमेकांना पोसतात. दुखते म्हणून हालचाल कमी होते, हालचाल कमी म्हणून वजन वाढते आणि वाढलेला भार पुन्हा सांध्यावर येतो. गुडघ्याच्या संधिवातावरील एका अभ्यासानुसार, एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. शिवाय चरबी हा निष्क्रिय साठा नव्हे. तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात मिसळतात. स्थूलतेमुळे घोरणे व झोपेत श्वास अडखळणे वाढते आणि अपुऱ्या झोपेने वेदना अधिक जाणवते. मज्जातंतूंच्या वेदनेवरील काही औषधांनीही वजन वाढू शकते.

भारतीयांसाठी वजनाची मोजपट्टी पाश्चात्त्यांपेक्षा कडक आहे. शरीरभार निर्देशांक 23 च्या पुढे गेला की वजन जास्त आणि 25 च्या पुढे स्थूलता मानली जाते. 170 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषासाठी या मर्यादा अनुक्रमे सुमारे 66 आणि 72 किलो होतात. पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत असावा.

यावर सक्तीची विश्रांती हा उपाय नव्हे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत गुडघ्याचा संधिवात असलेल्या 454 वजनदार रुग्णांचा 18 महिने अभ्यास झाला. आहारनियंत्रण आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्या गटाचे वजन सुमारे 11 टक्के घटले. केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांची वेदना कमी आणि चालणे अधिक चांगले होते.

मात्र जुन्या सवयीने एकदम धावायला सुटणे घातक ठरते. सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालणे, मांडीच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि शक्य असल्यास पोहणे अशी सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवावा. ताटातला भात, गोड आणि तळण कमी करून डाळ, उसळ व भाजी वाढवावी. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहिल्यास मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब यांवर परिणाम होतो. पायात बधिरपणा आला, लघवीवरचे नियंत्रण सुटले किंवा तापासह पाठदुखी झाली, तर तातडीने डॉक्टरांकडे जावे.

माजी सैनिकांसाठी 1 एप्रिल 2003 पासून अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ‘ईसीएचएस’, लागू आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून गरजेनुसार संलग्न रुग्णालयाकडे पाठवले जाते. तेथे जाताना केवळ गुडघ्याची गोळी मागू नये. वजन, कमरेचा घेर, झोप आणि चालू औषधे यांचीही नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी आणि दोन्ही तक्रारींवर एकत्र उपचार मागावेत. सुरत असो वा गोवा, ज्या घरात माजी सैनिक आहे तेथे ‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी एवढे तरी व्हायला हवे.