सोयाबीनच्या मुलखात भाजलेला टोफू

दुर्गहून बेमेतऱ्याच्या बाजूला निघालं की भाताची खाचरं मागे पडत जातात आणि काळी, चिकट कन्हार जमीन सुरू होते. छत्तीसगडचा शेतकरी आपली जमीन चार नावांनी ओळखतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. यांतली कन्हार म्हणजे आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीची बहीण. बेमेतरा, कवर्धा, राजनांदगाव या पट्ट्यात खरिपाला सोयाबीन दिसतं ते याच जमिनीवर. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवे दाणे मंडीत येतात आणि तिथून थेट तेलाच्या कारखान्यांकडे जातात. शंभर किलो दाण्यांमधून साधारण अठरा किलो तेल निघतं. ऐंशी किलोच्या आसपास उरते ती पेंड. दाण्यातलं जवळपास सगळं प्रथिन या पेंडीत असतं आणि ही पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, नाहीतर परदेशी.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिन असतं. आपल्याकडच्या कोणत्याही डाळीत इतकं नाही. तरीही भिलाईत, जुनवानी रस्त्यालगतच्या स्मृति नगरात, एखाद्या मराठी घरातली मुलगी 'मी आता दूधदुभतं सोडलं' असं जाहीर करते तेव्हा घरच्यांना पहिला प्रश्न पडतो : मग हिने जेवणात खायचं काय? पनीर गेलं, दही गेलं, कढी गेली, तूप गेलं. उत्तर पन्नास-साठ किलोमीटरवरच्या शेतात उभं असतं, पण ते शिजवायची रीत घरात कोणालाच ठाऊक नसते. हा लेख त्या रीतीबद्दल आहे. भाजून कुरकुरीत केलेला टोफू, म्हणजे सोयाबीनचं दूध फाडून केलेली वडी, हा जेवणातला मुख्य पदार्थ होऊ शकतो, आणि तो मराठी ताटात उपरा ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सोयाबीन आपल्याकडे साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतून आलं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कुमाऊंच्या डोंगरात काळ्या दाण्याचं 'भट' पिढ्यान्‌पिढ्या शिजतं आहे, आणि मध्य भारतात 'काळीतूर' नावाचं काळं सोयाबीन जुन्या काळापासून पेरलं जाई. पिवळ्या दाण्याचा व्यापारी प्रसार मात्र १९६०च्या दशकातला. पंतनगर आणि जबलपूर इथल्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साथीने तो घडवला. १९६७मध्ये सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस' मालिकेतले वाण दिले. जबलपूरच्या 'जेएस ३३५' या वाणाने तर विदर्भ-मराठवाड्याचा खरीपच बदलून टाकला.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याच्याही आधीचं, वर्ध्याचं प्रकरण. १९३५मध्ये गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. जमनालाल बजाजांनी दिलेल्या त्या जागेत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चाले. तिथल्या सामुदायिक स्वयंपाकघरात त्यांनी सोयाबीनचा प्रयोग लावला आणि 'हरिजन'मधून त्याबद्दल लिहिलं. त्यामागे जुनी तळमळ होती. १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं होतं. पुढे खेडा सत्याग्रहानंतरच्या गंभीर आजारात शेळीचं दूध घ्यावं लागलं, आणि 'दूध' या शब्दातून शेळीचं वगळण्याचा हा शब्दच्छल आपण केला याचा सल त्यांनी आत्मकथेत उघडपणे मांडला आहे. दुधाची जागा घेणारं वनस्पतिजन्य अन्न कोणी दाखवून द्यावं, ही त्यांची जाहीर मागणी होती. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली घडला. ज्या प्रश्नातून तो जन्मला, तो वर्ध्याच्या चुलीपाशी आधीच विचारला गेला होता.

त्याच सुमारास बडोदा संस्थानात एफ. एस. काळे हे अधिकारी सोयाबीनच्या मागे लागले होते. १९३६ साली त्यांनी सोयाबीनवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. लागवड, आहारमूल्य, उद्योग यांच्या जोडीला त्यात पाककृतीही आहेत. सयाजीराव महाराजांच्या राज्यात अशा उद्योगाला आश्रय मिळाला, यात नवल नाही. वर्धा आणि बडोदा या दोन्ही ठिकाणी दाणा शिजवून, दळून खाण्यावर भर राहिला. पुढे तेलाच्या उद्योगाने दाण्याची वाटच वळवली. पेंडीपासून केलेल्या सोयाबीनच्या वड्या घरोघर पोचल्या, पण टोफू मागेच राहिला.

मागे राहण्याचं एक कारण वास. सोयाबीनचा दाणा थंड पाण्यात वाटला की त्यातलं लिपॉक्सिजनेज नावाचं विकर तेलावर काम करू लागतं आणि कच्च्या शेंगेसारखा उग्र वास उठतो. त्याचा उपाय फार पूर्वीच सापडला आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६७मध्ये दाखवून दिलं की दाणे उकळत्या पाण्यात वाटले तर विकर तत्क्षणी निकामी होतं. इलिनॉयच्या नेल्सन, स्टाइनबर्ग आणि वेई यांनी वाटण्याआधी दाणेच उकळून घेण्याची पद्धत १९७६मध्ये मांडली. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने तर वाणातच बदल केला. 'एनआरसी १२७'मध्ये पचनाला अडथळा करणारा एक मुख्य घटक नाही, आणि 'एनआरसी १४२'मध्ये त्याबरोबर वासाचं एक विकरही नाही. स्वयंपाकासाठी असे वाण शेतकऱ्याला परवडले पाहिजेत, हा मात्र वेगळा प्रश्न. छत्तीसगडमध्ये धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये मिळतात आणि एकरी एकवीस क्विंटलपर्यंत सरकारी खरेदी होते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरला, पण त्याचं एकरी उत्पादन धानाच्या कितीतरी खाली. शेतकरी हिशोब करतो आणि बांध घालून भाताकडे वळतो. खाणारा तयार झाला तरच हा दाणा इथल्या शेतात टिकेल.

आता चुलीकडे वळू. पाव किलो दाणे रात्री भिजवावेत. भिलाईच्या उन्हाळ्यात सहा तास पुरतात, पण पाणी एकदा बदलावं, नाहीतर आंबतं. सालं चोळून काढावीत आणि उकळत्या पाण्यात वाटावं. एकूण पाणी दोन लिटरच्या आसपास. हे दूध तापवताना एक फसगत होते. उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी त्याला प्रचंड फेस येतो, कारण सोयाबीनमध्ये फेसाळणारे सॅपोनिन असतात. गाईचं दूध वर आलं की गॅस बंद करायची आपली सवय. इथे तसं केलं तर दूध कच्चंच राहतं आणि पोट बिघडतं. फेस येऊ द्यावा, खाली बसवावा आणि खरी उकळी आल्यावर निदान दहा मिनिटं मंद आचेवर ठेवावं. मग सुती फडक्यातून गाळावं. उरलेला चोथा थालीपिठात उत्तम लागतो.

गाळलेलं दूध पाऊणशे-ऐंशी अंशांवर आलं की ते फाडायचं. लिंबाने फाटतं, पण जाळी भरड होते आणि आंबूस चव राहते. खाद्य दर्जाचं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, वापरलं तर वडी मऊ पण घट्ट येते आणि कॅल्शियमही मिळतं. जपानी लोक समुद्राच्या पाण्यातून मिळणारं निगारी वापरतात. त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असतं. दोन चमचे जिप्सम वाटीभर पाण्यात कालवून हलक्या हाताने दुधात सोडावं आणि पंधरा मिनिटं भांड्याला हात लावू नये. निवळ पिवळसर दिसू लागली की फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवावा. अर्ध्या तासात चारशे ग्रॅमच्या आसपास टोफू तयार. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयाबीन प्रक्रियेचं स्वतंत्र केंद्र आहे. तिथे शिकून टोफूचा लहान कारखाना काढणारे आज अनेक आहेत. त्यांचा माल हिंदी मुलखात 'सोया पनीर' या नावाने विकला जातो.

आणि इथेच स्वयंपाक फसतो, कारण विकत घेणारा तो पनीरसारखाच वापरतो. पनीरमध्ये पाणी साठ टक्क्यांहून जास्त असू नये असा नियम आहे, आणि कोरड्या अंशातला निदान निम्मा भाग दुधाच्या चरबीचा असतो. शिवाय दुधाची थोडी साखर असते, म्हणून तव्यावर टाकताच ते तांबूस होतं. टोफूमध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी, चरबी कमी, आणि साखर तर बरीचशी निवळीबरोबर वाहून गेलेली. म्हणून त्याच आचेवर टोफू पांढरा, ओला आणि बेचव राहतो. दोष टोफूचा नसतो. त्याला वेगळी वागणूक लागते.

पदार्थ तांबूस आणि खमंग होतो तो प्रथिन आणि साखर यांच्या संयोगातून. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं. ती जोमाने चालायला १४० अंशांच्या वर उष्णता हवी. पृष्ठभाग ओला असेतोवर तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपाशीच अडकून राहतं. तेव्हा कुरकुरीतपणाची सगळी लढाई पाण्याशी आहे.

टोफू पंच्यात गुंडाळून अर्धा तास वजनाखाली ठेवावा. याने सुटं पाणी जातं. प्रथिनाच्या जाळ्यात अडकलेलं जात नाही. ते काढायचे दोन मार्ग आहेत. एक, दोन सेंटिमीटरचे तुकडे करून त्यांवर उकळतं मीठपाणी ओतायचं आणि दहा-पंधरा मिनिटांनी निथळायचं. याने वरचा थर आवळतो आणि पाणी बाहेर टाकतो, शिवाय मीठ लागतं. दुसरा मार्ग गोठवण्याचा. बर्फाचे स्फटिक जाळ्याला भोकं पाडतात. वितळल्यावर तुकडा दाबला की स्पंजासारखं पाणी निघतं, आणि जो पोकळपणा उरतो त्यात रस्सा भरून राहतो. जपानच्या कोया पर्वतावरच्या मठांत भिक्षूंनी थंडीच्या जोरावर असाच टोफू गोठवून वाळवला, आणि कोया-दोफू म्हणून तो आजही विकला जातो. मला विचाराल तर, कोरडा खायचा असेल तर मीठपाणी, रश्शात घालायचा असेल तर फ्रीजर.

पुसून कोरड्या केलेल्या तुकड्यांवर चमचाभर सोया सॉस, चिमूटभर किसलेला गूळ आणि लाल तिखट चोळावं. गूळ जी साखर कमी पडते ती भरून काढतो. मग एक चमचा शेंगदाण्याचं तेल आणि शेवटी दोन चमचे तांदळाची पिठी. परदेशी पुस्तकं इथे कॉर्नफ्लोअर सांगतात, तेही चालतं. पण धानाच्या या मुलखात पिठी प्रत्येक घरात असते, आणि भजी कुरकुरीत करायला ती आपण वापरतोच. पिठी पृष्ठभागावरचा ओलावा शोषते, आचेत शिजते आणि मग वाळून ठिसूळ कवच होते. पीठ तेलाच्या आधी लावलं तर गुठळ्या होतात, म्हणून क्रम पाळावा.

ओटीजी दोनशे अंशांवर आधी पुरता तापवून घ्यावा, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून. ट्रेमध्ये तुकडे एकमेकांना न लागता ठेवावेत. दाटी झाली की निघणारी वाफ बाहेर जात नाही आणि टोफू भाजण्याऐवजी उकडला जातो. बहुतेकांची फजिती इथेच होते. पंधरा मिनिटांनी उलटावेत, आणखी दहा-पंधरा मिनिटं. कडा तांबूस आणि बोटाला टणक लागल्या की झालं. एअर फ्रायर असेल तर १९० अंशांवर पंधरा मिनिटांत काम होतं. तळण्यापेक्षा हे हलकं आहे, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की ओव्हनमध्ये चार जणांचा घाणा एकदाच निघतो, आणि करणारी बाई कढईपाशी अडकत नाही.

आता ताट. नागपूरकर घरांना इथे शिकवायला नको, कारण प्रथिन मध्यभागी ठेवून जेवण रचायची विद्या विदर्भाकडे आहेच. पाटवडी रस्सा, गोळाभात, वडाभात हे सगळे डाळीचे मुख्य पदार्थ. छत्तीसगडातली बफौरीही त्यांचीच नातलग : हरभऱ्याची डाळ वाटून, वाफवून केलेली, जवळजवळ बिनतेलाची. टोफूने याच पंगतीत बसावं. माझी पसंती सावजी वळणाच्या रश्शाला : कांदा-खोबरं भाजून, खसखस, धणे आणि काळा मसाला वाटून, जवसाच्या तेलात परतलेला. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेल्या या रश्शात दूध-तूप लागतच नाही. ताटात आधी रस्सा घ्यावा, टोफू वाढण्याच्या क्षणी वर ठेवावा, आणि बाजूला साधा भात नि पताल चटणी, म्हणजे टोमॅटो, हिरवी मिरची आणि कोथिंबीर पाट्यावर रगडलेली. रश्शात आधीच बुडवलेला टोफू पाच मिनिटांत कवच सोडतो.

दूधदुभतं पूर्ण सोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टोफूमध्ये उत्तम प्रथिन आहे, लोह आहे, जिप्समने केला असेल तर कॅल्शियम आहे. ब१२ जीवनसत्त्व नाही. ते गोळीतून किंवा ब१२ घातलेल्या पदार्थांतून घ्यावंच लागतं. मुलगी व्हीगन झाली म्हणून तिच्याशी भांडण्यापेक्षा तिची तपासणी करून घ्यावी आणि तिच्यासाठी ओव्हन तापवावा. बाजारातल्या पाकिटावर हिरव्या रंगाचं व्हीगन चिन्ह आहे का तेही पाहावं. २०२२च्या नियमांनी ते ठरवून दिलं आहे.

दिवाळीच्या सुमारास दुर्ग किंवा राजनांदगावच्या बाजारात नवं सोयाबीन येतं. पाव किलो आणा, घरी टोफू करा, आणि फराळाचं गोड खाऊन कंटाळलेल्या पाहुण्यांना हा रस्सा वाढा. फक्त दाणे किराण्यातून घ्या. बियाण्याच्या दुकानातल्या पिशवीतले दाणे घेऊ नका. त्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते धुऊनही खाण्यायोग्य होत नाहीत.