कानांना पापण्या नसतात

सकाळी आठच्या सुमारास विरारहून वा डोंबिवलीहून मुंबईकडे निघणाऱ्या उपनगरी गाडीत दोन्ही पाय टेकण्यापुरती जागा मिळणे हीदेखील एक प्राप्तीच समजली जाते. गर्दीच्या वेळी या गाड्यांतून एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात. इतक्या दाटीवाटीत माणसे रोज हातघाईवर कशी येत नाहीत, याचे बाहेरून येणाऱ्याला नवल वाटते. त्याचे उत्तर असे की, या डब्याने आपली स्वतःची एक अलिखित घटना तयार केली आहे. तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धे अंग टेकावे आणि बसलेल्या तिघांनी फारशी कुरकुर न करता थोडे सरकावे. दारातून आत आलेली पिशवी हातोहात फळीवर पोचती करावी. ‘कुठे उतरणार?’ असे विचारून ज्याने जागेवर हक्क नोंदविला, त्याचा हक्क तिसऱ्याने डावलू नये. उतरणाऱ्याने आपले स्थानक येण्याच्या एक-दोन स्थानके आधीपासून दाराकडे सरकू लागावे. हे नियम रेल्वेच्या कोणत्याही अधिकाऱ्याने छापलेले नाहीत. ते पिढ्यानपिढ्या प्रवास करणाऱ्या कारकुनांनी, गिरणीकामगारांनी, शिक्षकांनी घासूनपुसून तयार केले आहेत.

अशा या शहाण्या डब्यात अलीकडे एक नवा प्रवासी शिरला आहे, आणि त्याला मात्र कोणताच नियम लागू होत नाही. तो प्रवासी म्हणजे दुसऱ्याच्या मोबाइलमधून येणारा आवाज. पंधरा सेकंदांची एक चित्रफीत, तिच्यामागचे तेच ते कर्कश हसू, मग पुढची चित्रफीत, पुन्हा तेच हसू. शेजारच्या बाकावर कोणी क्रिकेटचे समालोचन ऐकत आहे, पलीकडे घरची सविस्तर भांडणे फोन तोंडासमोर आडवा धरून चालली आहेत आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे साऱ्या डब्याला कळावे अशी व्यवस्था आहे. एखादा शिक्षक मांडीवरच्या वह्या तपासण्याचा प्रयत्न करतो, एखादी विद्यार्थिनी उभ्याउभ्या परीक्षेची टिपणे चाळते. दोघेही हळूहळू नाद सोडतात. कोणी धीर करून ‘जरा आवाज कमी करता का?’ असे म्हणालेच, तर ठरलेले उत्तर तयार असते : ‘एवढाच त्रास होतो तर टॅक्सीने जा ना!’ आणि गंमत अशी की, मग डब्यातील चार नजरा वळतात त्या विचारणाऱ्याकडे. भांडखोर ठरतो तो.

दुसऱ्यांच्या ज्या सवयींनी माणूस दिवसभर मनातल्या मनात चरफडत असतो, त्यांची यादी लांबलचक आहे. रांगेत मध्येच घुसणारा, जिन्याच्या कोपऱ्यात पिंक टाकणारा, दुसऱ्याच्या खांद्यावरून त्याचे वर्तमानपत्र वाचणारा. परंतु यांपैकी बहुतेकांना आपण काही गैर करीत आहोत याची जाणीव असते. रांगेत घुसणारा निदान दुसरीकडे पाहत घुसतो. थुंकणारा कोपरा शोधतो. आवाज करणाऱ्याला ही जाणीवच नसते, कारण त्याच्या लेखी तो आवाज नसून करमणूक असते. आपण लावलेले गाणे कोणालाही गोंगाट वाटत नाही. म्हणूनच हा त्रास इतर त्रासांहून वेगळा आहे. तो देणारा बहुधा दुष्ट नसतो, आणि त्यामुळे त्याच्यावर रागावणेही धड जमत नाही.

या त्रासाचे वयही फार नाही. 2016 च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले, आणि पाहता पाहता चित्रफिती हा सर्वसामान्यांच्या प्रवासातील विरंगुळा झाला. चौथ्या सीटचा संकेत रुळायला किती वर्षे लागली असतील कोण जाणे. आवाजाच्या वाटणीचा संकेत रुळण्यास अजून अवधी मिळालेला नाही, असे म्हणून समजूत घालता येईल. पण ही समजूत पुरती पटत नाही. मोटारीचा भोंगा काही काल-परवा आलेला नाही. सिग्नल तांबडा असताना, पुढे दहा वाहने उभी असताना, मागचा चालक भोंगा दाबून नेमके काय साधतो, हे कोडे अनेक दशके सुटलेले नाही. मुंबई पोलिसांनी 2020 च्या जानेवारीत त्यावर एक खोचक तोड काढून दाखविली. काही चौकांत सिग्नलला ध्वनिमापक जोडला. भोंग्यांचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की तांबड्या दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जाऊ लागत. त्या प्रयोगाची चित्रफीत देशभर पाहिली गेली, कौतुकही झाले. (ती चित्रफीत कितीजणांनी भर डब्यात मोठ्या आवाजात पाहिली, याची मोजदाद मात्र झालेली नाही.)

भोंग्याचे हे उदाहरण आणखी एका कारणासाठी घ्यावयास हवे. आवाजाचा विषय निघाला की सुशिक्षित मंडळी लगेच ‘खालच्या’ लोकांच्या संस्कारांविषयी बोलू लागतात. वस्तुतः भोंगा वाजविणारा गाडीचा मालक असतो. पहिल्या वर्गाच्या डब्यातही फोन आडवेच धरले जातात. आणि नाट्यगृहात, पाचशे रुपयांचे तिकीट काढून, पहिल्या चार रांगांत बसणाऱ्यांचे काय? पडदा वर जाण्यापूर्वी मोबाइल बंद ठेवण्याची विनंती होते, प्रेक्षक ती ऐकतात, आणि पहिल्या अंकाच्या ऐन रंगलेल्या क्षणी कोणाचा तरी फोन गाऊ लागतो. 2019 मध्ये अभिनेते सुबोध भावे यांनी या प्रकाराला उबगून जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा महाराष्ट्रात काही दिवस चर्चा झाली. नाट्यवेड्या म्हणविणाऱ्या मराठी माणसाला आपल्याच रंगभूमीवर हे ऐकून घ्यावे लागले, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नव्हती. ती सहज विसरली गेली.

कायदा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. निवासी वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्र म्हणजे दहा ते सहा. हे आकडे वाचणाऱ्याने एक ध्यानात घ्यावे : डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नव्हे. 55 वरून 65 वर जाणे म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होणे, आणि 75 वर जाणे म्हणजे शंभरपट. तेव्हा ‘वीसच तर वाढले’ हा युक्तिवाद शाळेतील पदार्थविज्ञानाशी फारकत घेतल्याखेरीज करता येत नाही. प्रवासापुरते बोलावयाचे तर रेल्वेने 2022 च्या जानेवारीत रात्रीच्या गाड्यांतील मोठ्या आवाजातील बोलणे व गाणी यांविरुद्ध सूचना काढल्या, आणि 2023 च्या एप्रिलमध्ये बेस्ट उपक्रमाने आपल्या बसगाड्यांत हेडफोनवाचून मोबाइल वाजविण्यास मनाई केली. मनाई झाली, वाहकाने तिकिटे फाडावीत, सुटे पैसे द्यावेत, दाराकडे लक्ष ठेवावे की प्रत्येक फोनमागे वाद घालावा, हा प्रश्न मात्र तेथेच राहिला.

या साऱ्या नियमांच्या मुळाशी असलेला विचार सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 रोजीच्या निकालात मांडला आहे. बोलण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे हे खरे. पण न ऐकण्याचे स्वातंत्र्यही समोरच्याला आहे, आणि ध्वनिवर्धक लावून आपला आवाज दुसऱ्याच्या कानात कोंबण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, असा त्याचा आशय. नको असलेले दृश्य समोर आले तर माणूस डोळे मिटू शकतो. कानांना पापण्या नसतात. ज्या याचिकेवर हा निकाल झाला, तिच्यात एका तेरा वर्षांच्या मुलीवरील बलात्काराच्या बातमीचा आधार घेतलेला होता. शेजारी ध्वनिवर्धकावर संगीत चालू होते, आणि तिने मदतीसाठी मारलेल्या हाका त्यात कोणालाच ऐकू आल्या नाहीत. पुढे त्या मुलीने स्वतःला जाळून घेतले. संगीत लावणाऱ्यांच्या मनात त्या संध्याकाळी कोणाचेही वाईट करावे असे काही नव्हते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. आपण मुळात गजबजाटाची माणसे. ढोल, ताशे, टाळ-मृदंग यांवाचून आपला सण होत नाही. मग हे शांततेचे कौतुक कोठून आणले? उपनगरी गाड्यांतच पाहावे. वर्षानुवर्षे भजनी मंडळे टाळ वाजवीत प्रवास करीत आली आहेत. त्यांच्या डब्यात मुद्दाम चढणारे आहेत, तसेच तो डबा चुकवून पुढे धावणारेही आहेत. भजन न आवडणाऱ्याची अडचण खरीच आहे. तरीही भजन आणि मोबाइल यांत एक भेद करावाच लागेल. भजनात शेजारचा माणूस धृपद धरू शकतो, टाळ हातात घेऊ शकतो. तो आवाज निदान चौघांनी मिळून केलेला असतो. फोनमधला आवाज एकट्याचा. त्यात इतरांना वाटा नाही, फक्त भार आहे. बाकी, मनगटाएवढ्या यंत्राच्या किमतीत शंभरदा मावेल अशी इयरफोनची वायर बाजारात मिळते, हे सांगावयास नकोच.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. शांतता हा पांढरपेशांचा चोचला आहे, कष्टकऱ्याला असल्या नाजूकपणास सवड नसते, असे म्हटले जाते. खरी स्थिती नेमकी उलटी आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे, तो शांतता विकत घेतो. वातानुकूलित मोटारीच्या काचा बंद होतात, विसाव्या मजल्यावर रस्ता ऐकू येत नाही, मुलाला अभ्यासासाठी निराळी खोली असते. ज्याला हे परवडत नाही, त्याच्या वाट्याला जी काही शांतता यावयाची, ती दुसऱ्यांनी सोडली तरच येते. फेब्रुवारी-मार्च हा बोर्डाच्या परीक्षांचा काळ आणि लग्नसराईचाही. एका खोलीत पाच माणसे, त्यात दूरदर्शन संच, खाली मांडव आणि मांडवात ध्वनिवर्धक. अशा घरातील मुलाला 45 डेसिबलचा नियम कोणी वाचून दाखविला, तर त्याने हसावे की रडावे?

मुंबईत वरळीला एक गल्ली आहे. बीडीडी चाळींतील एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांत वाढलेली आणि आसपासच्या वस्त्यांतील मुले अनेक दशके तेथे पुस्तके घेऊन येत आली आहेत. कोणी पदपथावर बसते, कोणी फेऱ्या मारीत पाठांतर करते. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचन चालते. रहदारी तुरळक, एवढेच त्या जागेचे वैशिष्ट्य. लोकांनी तिला नावच देऊन टाकले आहे : अभ्यास गल्ली.