मुरूम जातो, वण राहतो : तारुण्यपीटिकांविषयी वेळीच जाणून घ्यावे असे काही

‘वयात आले की येतातच, आपोआप जातील,’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. त्याचा पहिला भाग बराचसा खरा आहे. बारा ते चोवीस या वयोगटातील सुमारे ८५ टक्के तरुण-तरुणींना कमीअधिक प्रमाणात मुरूम येतात. दुसरा भाग मात्र अर्धाच खरा आहे. मुरूम बहुधा जातात. पण जाताना ते मागे काय ठेवून जातात, हे ते किती खोल होते आणि किती काळ उपचारांविना राहिले यावर अवलंबून असते. मुरुमांवर आज परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. वणांवरचे उपचार मात्र खर्चिक, दीर्घकाळ चालणारे आणि अंशतःच यशस्वी होणारे आहेत. म्हणून ‘वाट पाहू’ हा सल्ला निरुपद्रवी नाही.

मुरूम कसा तयार होतो?

आपल्या त्वचेवर असंख्य सूक्ष्म रोमकूप असतात. प्रत्येक रोमकूपाला जोडलेली तेलग्रंथी त्वचेला स्निग्ध ठेवणारा स्राव निर्माण करते. चेहरा, छाती, पाठ आणि खांदे या भागांत या ग्रंथी मोठ्या व दाट असतात. मुरूम तेथेच अधिक का येतात, याचे हे उत्तर. वयात येताना अँड्रोजेन गटातील संप्रेरके वाढतात. ती मुलांप्रमाणेच मुलींच्याही शरीरात असतात. त्यांच्या प्रभावाने तेलग्रंथी अधिक स्राव तयार करू लागतात. त्याच वेळी रोमकूपाच्या आतील मृत पेशी नेहमीसारख्या सुट्या होऊन बाहेर पडत नाहीत, एकमेकींना चिकटून राहतात आणि तोंडाशी बूच बसते. आत अडकलेल्या स्निग्ध पदार्थावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा त्वचेवर एरवीही वास करणारा जिवाणू पोसला जातो. शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होते आणि दाह सुरू होतो.

अतिरिक्त तेल, बंद झालेले रोमकूप, जिवाणू आणि दाह या चार घटकांचा हा मेळ आहे. यांत ‘अस्वच्छता’ कोठेही नाही. दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड धुतल्याने मुरूम कमी होत नाहीत. उलट त्वचा कोरडी पडून चुरचुरते.

प्रकार ओळखणे का महत्त्वाचे?

रोमकूपाचे तोंड उघडे राहून बूच काळे दिसू लागले, तर त्यास आपण ब्लॅकहेड म्हणतो. तो काळेपणा मळाचा नसून त्वचेतील मेलॅनिनचा आणि हवेशी संयोग पावलेल्या स्निग्ध द्रव्याचा असतो. तोंड बंद राहिले, तर त्वचेखाली बारीक पांढरट दाणा दिसतो, तो व्हाइटहेड. या दोन्हींत दाह जवळजवळ नसतो आणि वणांचा धोकाही कमी असतो.

दाह सुरू झाला की लालसर, हाताला दुखरी फोडी येते. आपल्या सावळ्या त्वचेवर ती लाल न दिसता तपकिरी वा जांभळट दिसू शकते, त्यामुळे दाहाचा अंदाज चुकतो. फोडीत पू भरला की तिला आपण पुटकुळी म्हणतो. याहून खोल, त्वचेच्या आतल्या थरापर्यंत पोहोचणाऱ्या कठीण, वेदनादायक गाठी आणि द्रवाने भरलेल्या गळूसारख्या पुटी हा सर्वांत गंभीर प्रकार. अशी एखादी गाठ जरी दिसली, तरी दुकानातील मलमांचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जाणे इष्ट.

कपाळावर, छातीवर वा पाठीवर एकाच आकाराचे, खाज सुटणारे बारीक दाणे आले, तर ते मुरूम नसून यीस्टमुळे झालेला रोमकूपदाह असू शकतो. प्रतिजैविकांनी तो वाढतो. म्हणून आधी निदान, मग उपचार.

कारणे आणि समज

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईवडिलांच्या चेहऱ्यावर वण असतील, तर मुलांच्या मुरुमांकडे लवकर लक्ष द्यावे. पंचविशीनंतरही अनेक स्त्रियांना हनुवटी व जबड्याच्या कडेने मुरूम येत राहतात आणि पाळीच्या आधी ते वाढतात. सोबत पाळीची अनियमितता किंवा चेहऱ्यावर जाड केस असतील, तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. स्टेरॉइड, लिथियम आणि फेफऱ्यावरील काही औषधांनीही मुरूम येतात.

आहाराविषयी तारतम्य बाळगावे. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ, म्हणजे गोड पेये, मैदा, मिठाई, कमी केल्यास काहींना लाभ होतो. दूध आणि व्हे प्रथिनांची पावडर यांचा संबंधही काही अभ्यासांत आढळला आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांनी तो ध्यानात ठेवावा. तेलकट पदार्थ खाल्ल्याने तेल थेट चेहऱ्यावर येते, या समजास मात्र आधार नाही. डोक्याला चोपडलेले खोबरेल कपाळावर उतरले, तर तेथील रोमकूप बंद होऊ शकतात. लिंबाचा रस आणि टूथपेस्ट हे घरगुती उपाय त्वचेचा दाह वाढवतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे चट्टेही पडतात.

डाग वेगळा, वण वेगळा

मुरूम गेल्यावर उरणाऱ्या प्रत्येक खुणेला आपण सरसकट ‘डाग’ म्हणतो. वस्तुतः त्यांत मूलभूत फरक आहे.

सपाट तपकिरी वा काळसर खूण म्हणजे दाहानंतर त्या जागी साचलेले अतिरिक्त रंगद्रव्य. सावळ्या त्वचेत हे फार मोठ्या प्रमाणावर होते आणि अनेकांना मुरुमांपेक्षा याचाच त्रास अधिक वाटतो. हा कायमचा वण नव्हे. तो काही महिन्यांत फिका पडतो. रंगद्रव्य खोल गेले असल्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. ऊन लागल्यास तो गडद होतो, म्हणून सनस्क्रीन हा उपचाराचाच भाग आहे. आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन दृश्य प्रकाशही अडवते. सावळ्या त्वचेला त्याचा विशेष उपयोग होतो.

खरा वण म्हणजे त्वचेच्या रचनेतच झालेला बदल. दाहामुळे आतील कोलॅजेन नष्ट होऊन ते पुरेसे भरून आले नाही, तर खड्डा पडतो. सुईने टोचल्यासारखे अरुंद व खोल, सरळ कडांचे रुंद, आणि त्वचा आतून ओढली गेल्याने दिसणारे लाटांसारखे, असे खड्ड्यांचे तीन प्रकार मानले जातात. याउलट कोलॅजेन गरजेपेक्षा अधिक तयार झाले, तर उंचवटा येतो. छाती, खांदे आणि जबड्याच्या कडेला अशा केलॉइड गाठींची शक्यता जास्त. मुरूम फोडणे, खरवडणे यांमुळे दाह खोल जातो आणि दोन्ही प्रकारच्या वणांना निमंत्रण मिळते.

उपचार : धीर आणि सातत्य

सौम्य मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलीन ही पायाभूत औषधे. अमेरिकेत ०.१ टक्का ॲडापलीन २०१६ पासून चिठ्ठीविना मिळते. ब्रिटनमध्ये त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. औषध केवळ फोडीवर न लावता मुरूम येणाऱ्या संपूर्ण भागावर पातळ थरात लावावे, कारण पुढचा मुरूम आजच्या स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेत आकार घेत असतो. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सोलवटते. परिणामाचा निवाडा सुमारे बारा आठवड्यांनी करावा. दोन आठवड्यांत औषध बदलणे हे अपयशाचे सर्वांत मोठे कारण असते. गरोदरपणात ॲडापलीन टाळतात. ॲझेलेइक आम्ल हा सुरक्षित पर्याय मानला जातो आणि ते काळे डागही फिके करते.

प्रतिजैविके ठरावीक काळापुरतीच आणि बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने वापरतात, अन्यथा जिवाणू दाद देईनासे होतात. स्त्रियांमध्ये संप्रेरकांवर काम करणारी औषधे उपयोगी पडतात. गंभीर किंवा वण पाडणाऱ्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे सर्वांत प्रभावी औषध आहे; अमेरिकेत त्यास १९८२ मध्ये मान्यता मिळाली. गर्भावर त्याचे भीषण दुष्परिणाम होतात, म्हणून अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत गर्भधारणा टाळण्याच्या कडक नियमांखालीच ते स्त्रियांना दिले जाते. मनःस्थितीतील बदलांवरही लक्ष ठेवावे लागते.

येथे परदेशस्थ कुटुंबांसाठी एक इशारा आवश्यक आहे. सुट्टीत मायदेशी गेल्यावर औषधांच्या दुकानातून आयसोट्रेटिनॉइनची पाकिटे किंवा ‘गोरेपणाची’ मलमे आणण्याची प्रथा धोक्याची आहे. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. आरंभी चेहरा उजळतो, मुरूम दबतात. नंतर त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबवताच मुरूम दुप्पट जोमाने उसळतात. घरात असे मलम वापरात असेल, तर ते त्वचारोगतज्ज्ञांना न लपवता दाखवावे.

वण पडलेच असतील तर

आधी मुरूम पूर्ण आटोक्यात येणे आवश्यक, नाहीतर नवे वण पडतच राहतात. त्यानंतर खड्ड्याच्या प्रकारानुसार उपचार ठरतो. ओढल्या गेलेल्या खड्ड्यांखालील तंतू सुईने सोडवतात, अरुंद खड्ड्यांत तीव्र आम्लाचा सूक्ष्म थेंब लावतात. बारीक सुयांचा रोलर किंवा लेसर वापरून नवे कोलॅजेन तयार होण्यास चालना देतात. सावळ्या त्वचेवर लेसरमुळे नवे काळे डाग पडू शकतात, म्हणून अशा त्वचेचा अनुभव असलेला तज्ज्ञ निवडावा आणि तसे स्पष्टपणे विचारावे. विमा कंपन्या या उपचारांना सहसा सौंदर्योपचार मानतात. खर्चाची चौकशी आधीच करावी.

खोल गाठी, नव्याने दिसणारे खड्डे, घराण्यातील वणांचा इतिहास, किंवा तीन महिन्यांच्या नियमित उपचारांनंतरही फरक नसणे, यांपैकी काहीही असल्यास तज्ज्ञांची भेट लांबवू नये. आणखी एक लक्षण तितकेच गंभीर मानावे : मुलगा छायाचित्रात येणे टाळतो, मुलगी कॅमेरा बंद ठेवूनच वर्गाला बसते. मुरुमांचा नैराश्याशी आणि चिंतेशी संबंध सुस्थापित आहे. अशा वेळी ‘एवढे काय त्यात’ असे म्हणण्याऐवजी डॉक्टरांची वेळ घेणे, हीच पालकांनी करावयाची खरी मदत.