सुई पोचते कुठे?

फुफ्फुसाला भोक पडलं की श्वासागणिक हवा निसटून छातीच्या पोकळीत साठू लागते. तिला परतीची वाट नसेल तर दाब चढत जातो, फुफ्फुस चेपतं, हृदयाकडे येणारं रक्त अडतं आणि बीपी कोसळतं. हा ‘टेन्शन न्यूमोथोरॅक्स’. अशा वेळी एक्स-रेची वाट न बघता छातीत जाड सुई घालून हवा सोडायची असते. सिनेमात लगेच फुस्स आवाज येतो आणि पेशंट डोळे उघडतो. प्रत्यक्षात पुष्कळदा सुई त्या हवेपर्यंत पोचतच नाही.

वॉर्डातला सगळ्यात जाड, नारिंगी रंगाचा चौदा गेजचा कॅन्युला जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर लांब. तो शिरेत घालण्यासाठी बनवलेला. 2007 साली मृत अमेरिकी सैनिकांच्या सीटी स्कॅनवर छातीच्या भिंतीची जाडी मोजली, तर ती सरासरी 5.36 सेंटिमीटर भरली! पिळदार छातीत सुई स्नायूतच अडकणार. म्हणून लष्करी वैद्यक आता आठ सेंटिमीटरच्या वरची सुई सुचवतं. अर्थात लांब सुई चुकली तर फुफ्फुसात, डावीकडे थेट हृदयातही शिरू शकते.

जागेचंही तसंच. पूर्वापार जागा कॉलरबोनच्या मध्याखाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मध्ये. पण कॉलरबोन खांद्यापर्यंत जातं हे घाईत विसरलं जातं आणि हात आतल्या बाजूला सरकतो. तिथे, छातीच्या मधल्या हाडालगत, बायपाससाठी सर्जन वापरतात तीच धमनी असते. बरगडीच्या खालच्या कडेलाही रक्तवाहिन्या असतात, म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घालतात. 2018 पासून ‘एटीएलएस’ या ट्रॉमा प्रशिक्षणात प्रौढांसाठी काखेखालची, बरगड्यांमधल्या चौथ्या-पाचव्या फटीतली जागा शिकवतात.

सगळ्यात वाईट म्हणजे निदानच चुकणं. धडधाकट फुफ्फुसाला सुईनेच भोक पडतं. त्यात पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर मशीन त्या भोकातून हवा ढकलत राहतं आणि नव्हता तो आजार उभा राहतो.

कॅन्युलाची नीट बसलेली नळीही मुडपते, रक्ताच्या गुठळीने बुजते. त्यामुळे पाठोपाठ आयसीडी, म्हणजे छातीत काही दिवस ठेवायची जाड नळी, टाकावीच लागते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला काही टीम सुई टाळून छेद घेतात आणि बोट घालून फुफ्फुस फुगतंय का ते चाचपतात. स्वतः श्वास घेणाऱ्याला ते चालत नाही. उघड्या छेदातून बाहेरची हवा आत ओढली जाते.