नऊ मिलिसेकंदांचं आयुष्य मोजायचं कसं?

कार्बन-१४ चं अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं. आज आपण दुसऱ्या टोकाला जाऊ. नेहमीच्या लिथियमच्या केंद्रकात ३ प्रोटॉन आणि ४ न्यूट्रॉन असतात. लिथियम-११ मध्ये न्यूट्रॉन ८. हा बोजा त्याला पेलवत नाही. अर्धायुष्य साधारण ९ मिलिसेकंद, म्हणजे पापणी लवेपर्यंत हजारातलं एखादं उरलं तर उरलं!

नमुना बाटलीत भरून काउंटरपुढे ठेवायची इथे सोयच नाही. शिवाय अशी केंद्रकं मिळतातच थोडी. म्हणून एकेकाचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागतो. त्वरकातून आलेल्या केंद्रकाला ठरावीक अंतर कापायला किती वेळ लागला आणि पातळ पट्टीत त्याने किती ऊर्जा टाकली, यावरून ते कोणतं ते ओळखायचं. पुढे ते सिलिकॉनच्या पातळ चकतीत रुततं. तिच्या एका बाजूला उभ्या, दुसऱ्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात. बिडकीनहून पैठण काही लांब नाही, तेव्हा पैठणीचे उभे-आडवे धागे डोळ्यांपुढे आणा. कोणत्या दोन पट्ट्यांतून संकेत आला यावरून नेमकी जागा कळते. थोड्या वेळाने त्याच जागी बीटा ऱ्हासाचा इलेक्ट्रॉन दिसला, की दोन्ही वेळांतला फरक टिपायचा.

पण तो इलेक्ट्रॉन याच केंद्रकाचा कशावरून? आधी रुतलेल्या दुसऱ्या कुणाचा असला तर? इथली युक्ती आम्हाला फार आवडते. केंद्रक येण्याच्या आधी त्या जागी दिसलेले इलेक्ट्रॉनही मोजायचे. ते त्याचे असूच शकत नाहीत, सगळे उपरे! साधारण तेवढेच उपरे नंतरच्या मोजणीतही घुसलेले असणार, ते वजा करायचे. ऱ्हासानंतर बनलेलं केंद्रकही बहुधा अस्थिरच असतं, त्याचे इलेक्ट्रॉन वेगळे धरायचे. एवढं करून १०० खऱ्या नोंदी हाती आल्या तर अनिश्चितता सुमारे १० टक्के, २५ आल्या तर २० टक्के.

आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला १९८८ पासून पेलेट्रॉन त्वरक आहे. तिथे उत्तेजित केंद्रकांचे गॅमा किरण टिपून त्यांची आयुष्यं मोजतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर सोन्यासाठी. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या, आणि नंतरच्या प्रकाशात जड मूलद्रव्यं बनत असल्याच्या खुणा दिसल्या. तिथे केंद्रकं भराभर न्यूट्रॉन गिळतात आणि बीटा ऱ्हासाने पुढच्या मूलद्रव्यात जातात. ज्याचं अर्धायुष्य जास्त, तिथे माल साचतो. म्हणून हा आकडा चुकला, की सोन्या-प्लॅटिनमचं गणितही चुकतं. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया वेधशाळा अशा टकरी टिपेल; पण तिथे कोणतं मूलद्रव्य किती बनलं, हे समजायला ही मिलिसेकंदं हवीत.

अमेरिकेत मिशिगनच्या फ्रिब प्रयोगशाळेने २०२२ मध्ये आपल्या पहिल्याच प्रयोगातून पाच केंद्रकांची अर्धायुष्यं प्रथमच मोजली. ती तुलनेने हलकी, मॅग्नेशियम ते फॉस्फरसच्या टापूतली होती. सोन्याच्या वाटेवरची बरीचशी केंद्रकं अजून कोणत्याच प्रयोगशाळेत बनलेली नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही सध्या सैद्धांतिक अंदाजच वापरतो.